काटो वर गेलो! नौकेच्या इंजिनाचे मीटर तपासताना आणि दुरुस्त करताना

ऑक्टोबरातली रात्र. विजयदुर्गाच्या बाहेर आम्ही जाळं ओढत होतो. दीडच्या सुमाराला केबिनमधून तांडेलाची (नौका चालवणाऱ्या प्रमुखाची) हाक आली, "रे, काटो वर गेलो!" टेम्परेचर मीटरचा काटा एरवी ८५ वर असायचा, तो ११० च्या पुढे जाऊन टेकला होता. लगेच इंजिन बंद केलं. जाळं पाण्यात, नौका लाटेला आडवी, खलाशी एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. मी खाली इंजिनरूममध्ये उतरलो तर ना वाफ, ना जळका वास, टाकीतलं पाणीही जागच्या जागी. अर्ध्या तासाने इंजिन परत लावलं, काटा ८५ वर. वीस मिनिटांनी पुन्हा ११०. शेवटी तांडेलाने विषाची परीक्षा नको म्हणून नौका परत फिरवली. बर्फ वितळला, डिझेल जळलं, आणि टपात मासळी म्हणाल तर कालवणापुरती.

सकाळी आनंदवाडीच्या धक्क्याला लागल्यावर पॅनल उघडलं. मागे एकाच बोल्टवर सहा तारांचे लग (तारेच्या टोकाला लावलेल्या धातूच्या कड्या) एकावर एक चढवलेले, आणि सगळ्यांत खालच्या लगला हिरवा कळंक. त्या सहांतली एक तार तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची होती, कुणीतरी सोय म्हणून पॅनलच्या अर्थिंगलाच (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीलाच) टोचलेली. पंप ऑटोमॅटिक. पाणी साठलं की पंप लागायचा, आणि पंप लागला की काटा वर जायचा. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. मीटरलाही नव्हतं. एक बोल्ट खोलून, घासून, पंपाची तार वेगळी काढून पाऊण तासात काम संपलं.

तेव्हापासून माझा अनुभव असा, की मीटर "गेला" म्हणतात तेव्हा मीटर सहसा गेलेला नसतो. दोष त्याच्या पाठीमागच्या तारेत, अर्थिंगमध्ये, नाहीतर इंजिनावरच्या सेन्सरमध्ये असतो. तरी आपल्याकडे पहिलं काय करतात? बाजारातून नवा मीटर आणतात. तो बसवला की दोन दिवस चालतो, कारण बसवताना तारा हललेल्या असतात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी शिकलेला इलेक्ट्रिशियन नाही. घरचा ट्रॉलर आहे, बंदरातल्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली टॉर्च धरून जे शिकलो ते इथे लिहितोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका शाकारून ठेवलेल्या. पॅनल खोलायला याहून चांगला वेळ नाही. शिवाय पावसाळी दमट हवेत मीठ ओलं होतं आणि कोरड्या दिवसांत लपलेले दोष आपणहून वर येतात.

आधी काटा खरा आहे असं धरून चाला

समुद्रात काटा वर गेला तर तो खोटा ठरवायची घाई नको. वरच्या गोष्टीत आम्ही इंजिन बंद केलं ते बरोबरच केलं. प्रथम मागे समुद्राचं पाणी बाहेर पडतंय का ते बघा. पडत नसेल तर सक्शनला, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या तोंडाला, प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश अडकलेली असते, नाहीतर सी-वॉटर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) फाटलेला असतो. इंजिन निवल्यावर गोड्या पाण्याची पातळी बघा. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. बेल्ट बघा.

उलटा धोका जास्त वाईट. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. गोडं पाणी गळून गेलं आणि सेन्सरच्या भोवती नुसती हवा उरली, तर इंजिनाचं हेड जळत असताना काटा निवांत ७० वर बसलेला असू शकतो. म्हणून "काटा खाली आहे, म्हणजे सगळं ठीक" हेही समजू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता बऱ्याच जणांकडे असतो. त्याने थर्मोस्टॅटच्या (इंजिनातलं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) घराचं तापमान घ्या आणि मीटरशी ताडून बघा. फक्त चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर नेम धरा.

ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला तर त्यात मात्र तर्क लढवत बसू नये. इंजिन बंद, ऑइलची काडी बघा. काडीवर ऑइल बरोबर दिसलं तरी सेन्सर काढून त्या भोकात साधा यांत्रिक प्रेशर गेज लावून खात्री झाल्याशिवाय परत इंजिन चालवू नका. असा गेज आणि त्याचा जोड नौकेवर कायमचा ठेवावा.

कुठला मीटर, कुठली खूण

पॅनलच्या मागे डोकावून बघा. मीटरला तारा असतील तर तो इलेक्ट्रिकचा. बारीक तांब्याची नळी येत असेल तर तो यांत्रिक. यांत्रिक टेम्परेचर मीटरची नळी आणि मीटर हे एकच सीलबंद अंग असतं. नळी चेपली किंवा तुटली तर ती जोडता येत नाही, पूर्ण मीटरच बदलावा लागतो. यांत्रिक ऑइल गेजच्या नळीतून ऑइलच वर येतं, तिथे जोड गळतोय का एवढं बघायचं. बाकी हा लेख इलेक्ट्रिकच्या मीटरबद्दल आहे.

लक्षण नीट टिपून घेतलं की अर्धं काम झालं. सगळे मीटर एकदम मेले असतील तर फ्यूज, इग्निशन स्वीच, किंवा इंजिनाकडून येणारा मोठा कनेक्टर. सगळे एकदम नाचत असतील, किंवा लाइट लावल्यावर, पंप लागल्यावर, वायरलेसवर बोलताना काटे हलत असतील तर अर्थिंग. एकच मीटर मेला असेल तर त्याची तार, त्याचा सेन्सर, आणि सर्वांत शेवटी तो मीटर. आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा मीटर) मेला आणि चार्जिंगचा लाल दिवाही लागला, तर पॅनल सोडा आणि अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बेल्ट बघा.

सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, तीस फूट लांब एक जादा तार आणि तिला दोन्ही टोकांना मगर-क्लिप, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, चांगला क्रिम्पिंग प्लायर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, कलई केलेली तार, चिकटपट्टी आणि पेन. शिवाय ४७ ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा छोटा तुकडा; ओहम हे त्या अडथळ्याचं माप. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो, आणि त्याचा उपयोग पुढे येईल.

काम सुरू करायच्या आधी मोबाइलवर पॅनलच्या पाठीचे फोटो काढा, चारही बाजूंनी. मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीचं शेपूट लावून त्यावर लिहा. रंगावर विसंबू नका. चार पावसाळे खाल्लेल्या सगळ्या तारा एकाच रंगाच्या होतात, खारट तपकिरी.

जिथे खोलाखोल आहे तिथे बॅटरीचा मेन स्वीच बंद. इंजिन चालू असताना मात्र मेन स्वीच किंवा बॅटरीची तार कधीही काढायची नाही, अल्टरनेटरचे डायोड उडतात. चालू इंजिनाजवळ काम करताना लुंगी, पंचा, गळ्यातला टॉवेल बाजूला. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दरवर्षी बंदरात कुणाचं तरी बोट बेल्टात जातंच.

अर्थिंग, आणि पुन्हा अर्थिंग

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मल्टिमीटर घेऊन बहुतेक जण मीटरच्या प्लसला आणि अर्थिंगला टोक लावतात, १२ व्होल्ट दिसले की "करंट बरोबर आहे" म्हणून पुढे जातात. त्यातून फार कमी कळतं. लोड नसताना सडलेल्या तारेतूनही १२ व्होल्ट दिसतात. एक धागा शाबूत असला तरी मल्टिमीटरला पुरतो, पंपाला पुरत नाही.

खरी तपासणी अशी. चावी चालू करा. पॅनलचे दिवे, केबिनचा दिवा, पंप, जे जे त्या पॅनलवर आहे ते सगळं चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्या लांब तारेचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला लावा, क्लॅम्पला नव्हे, खांबालाच. दुसरं टोक मल्टिमीटरच्या काळ्या काडीला. लाल काडी मीटरच्या मागच्या अर्थिंगच्या पिनला टेकवा. इथे आकडा जितका शून्याजवळ तितका चांगला. ०.१ किंवा ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तुमचा चोर सापडला, फक्त तो नेमका कुठे लपलाय ते बघायचं.

मग लाल काडी एकेक पायरी मागे आणत या. मीटरच्या पिनवरून अर्थिंगच्या बोल्टावर, तिथून कनेक्टरच्या या बाजूला, मग त्या बाजूला, मग इंजिनाच्या ब्लॉकवर, मग बॅटरीच्या जाड केबलच्या लगवर. ज्या दोन जागांच्या मधे आकडा एकदम पडतो, तिथला जोड खराब.

आमच्या नौकेवर पंप चालू असताना मीटरच्या अर्थिंगवर १.४ व्होल्ट होते, आणि बोल्टाच्या पलीकडे ०.१. म्हणजे सगळा अडथळा त्या एका बोल्टात. काटा वरच का जातो, खाली का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. अशा मीटरमध्ये दोन कॉइल असतात. एकीचा करंट पॅनलच्या अर्थिंगमधून जातो, दुसरीचा सेन्सरमधून थेट इंजिनाच्या ब्लॉकला. पॅनलचं अर्थिंग वर उचललं गेलं की पहिली कॉइल दुबळी होते, दुसरी जिंकते, आणि काटा गरम बाजूला ओढला जातो.

प्लसच्या बाजूलाही हेच करायचं. लांब तार बॅटरीच्या प्लसच्या खांबाला, काडी मीटरच्या प्लसच्या पिनवर. इथे ०.३ च्या आसपासपर्यंत चालून जातं. जास्त असेल तर फ्यूजचा होल्डर आणि इग्निशन स्वीच हे दोन नेहमीचे गुन्हेगार. काचेचा फ्यूज डोळ्यांना चांगला दिसतो, पण त्याच्या टोप्यांखाली हिरवं झालेलं असतं. काढून, दोन्ही बाजू घासून परत बसवा. शंका असेल तर नवाच घाला.

घासण्याबद्दल एक गोष्ट. घरात पितळेच्या पातेल्याची कलई गेली की आंबट आमटी कळकते, तसंच तांब्याच्या लगचं होतं. पण तो हिरवा थर घासण्याआधी त्यातलं मीठ जायला हवं. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यात मीठ विरघळत नाही. तो वर चकाकी आणतो आणि मीठ खाली तसंच राहतं, जूनच्या पहिल्या सरीबरोबर ओलावा ओढायला तयार. म्हणून जोड सुटा केल्यावर आधी गोड्या पाण्यात बुडवलेल्या टूथब्रशने धुवा, नीट वाळवा, मग पॉलिश पेपर, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. जोड आवळून झाल्यावर वरून डायलेक्ट्रिक ग्रीस. नसेल तर व्हॅसलीन चालतं.

सेन्सरची तार काढून बघा

अर्थिंग आणि प्लस चोख आहेत आणि तरीही एक मीटर चुकीचं दाखवतोय, तर ही परीक्षा. टेम्परेचर मीटरने सुरुवात करा, कारण त्याचा नियम सगळीकडे एकच असतो.

चावी चालू, इंजिन बंद. इंजिनावर टेम्परेचर सेन्सरची तार सोडवा आणि मोकळी धरा, कुठे टेकू देऊ नका. काटा थंड बाजूला अगदी खाली जायला हवा. आता तीच तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा. काटा गरम बाजूला टोकापर्यंत जायला हवा. कुणाला तरी केबिनमध्ये उभं करा. माझा धाकटा भाऊ वरून ओरडतो, "खाली गेलो... आता वर गेलो!" त्याचा आवाज आला की तार आणि मीटर दोन्ही पास. दोष सेन्सरमध्ये.

काटा हललाच नाही, तर केबिनमध्ये जा आणि हीच परीक्षा मीटरच्या मागच्या सेन्सरच्या पिनवर करा. तिथे काटा हलला तर मधली तार तुटलेली. तिथेही हलला नाही, आणि प्लस-अर्थिंग तुम्ही तपासलेलं आहे, तरच मीटर गेला असं म्हणा.

पिन ओळखताना एक सापळा आहे. अमेरिकन पद्धतीच्या मीटरवर I म्हणजे चावीचा प्लस, G म्हणजे अर्थिंग आणि S म्हणजे सेन्सर. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीच्या मीटरवर मात्र G म्हणजे सेन्सर, कारण जर्मनमध्ये त्याला गेबर म्हणतात. G दिसलं म्हणून अर्थिंग लावलं तर मीटर कायम टोकाला चिकटून बसतो, आणि माणूस दोन दिवस डोकं खाजवतो. मी खाजवलंय.

ऑइल प्रेशर आणि डिझेलच्या मीटरना हीच परीक्षा लागू, पण दिशा पद्धतीवर अवलंबून. व्हीडीओ पद्धतीचा ऑइल सेन्सर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८४ ओहमपर्यंत जातो. म्हणजे तार अर्थिंगला टेकवली की काटा शून्यावर, मोकळी सोडली की टोकाला. अमेरिकन पद्धत उलटी, शून्याला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३. डिझेलच्या मीटरचंही तसंच, व्हीडीओत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० च्या आसपास, अमेरिकनमध्ये रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. म्हणून एका पद्धतीचा सेन्सर आणि दुसऱ्या पद्धतीचा मीटर यांचं लग्न लावू नये. टाकी भरताना काटा खाली उतरत असेल तर हेच झालेलं आहे. डिझेलच्या मीटरवर मी एवढंच बोलतो. आपल्याकडे निम्मे तांडेल अजून काडी बुडवूनच डिझेल मोजतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

४७ ओहमचा रेझिस्टर इथे कामाला येतो. सेन्सरच्या तारेचं टोक आणि अर्थिंग यांच्यामधे तो धरला की व्हीडीओ पद्धतीच्या टेम्परेचर मीटरचा काटा १०० च्या जरा खाली थांबायला हवा. दोन्ही टोकांना जाणारा पण मधे खोटं बोलणारा मीटर यात पकडला जातो.

आणि सेन्सरच्या पिनला कधीही थेट १२ व्होल्ट लावून बघू नका. टाकीतल्या सेन्सरची बारीक तार एका क्षणात जळते.

सेन्सर उकळत्या पाण्यात

टेम्परेचर सेन्सर काढायचा तो इंजिन थंड असताना. भोकातून पाणी येणार, खाली भांडं धरा. तो घरी आणा. बाहेर पाऊस कोसळत असताना चुलीशी बसून करायचं हे काम आहे, पण आईचं चहाचं पातेलं घेऊ नका. मी घेतलं होतं, त्यानंतर ते पातेलं माझ्याच नावावर झालं.

पातेल्यात गोडं पाणी घ्या. सेन्सर सुतळीने असा टांगा की पितळेचं तोंड पाण्यात राहील, पिन कोरडी राहील आणि बुडाला टेकणार नाही. मल्टिमीटर ओहमवर. आधी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा, जो ०.३-०.५ आकडा दिसेल तो पुढे वजा करायचा. एक काडी पिनला, दुसरी पितळेच्या अंगाला. जवळ स्वयंपाकाचा थर्मामीटर.

१२० अंशांपर्यंतच्या व्हीडीओ पद्धतीच्या सेन्सरला ४० अंशांवर साधारण २८५ ओहम, ६० वर १३५ च्या आसपास, ८० वर ७०, आणि पाणी खळखळून उकळलं की ३८-३९. किनाऱ्यावर पाणी बरोबर १०० अंशांना उकळतं, त्यामुळे थर्मामीटर नसला तरी शेवटचा आकडा पक्का. आकडे पाच-दहा टक्के इकडेतिकडे असले तर चालतं. महत्त्वाचं म्हणजे ते हळूहळू उतरायला हवेत. मधेच उडी मारली, किंवा गरम होऊनही आकडा ढिम्म राहिला, तर सेन्सर फेकून द्या. त्याची दुरुस्ती नाही.

दोन पिनांचा सेन्सर असेल तर G ही मीटरची पिन आणि WK ही बझरची. उलटसुलट लागल्या तर मीटर मेल्यासारखा दिसतो आणि बझर वाजत नाही, किंवा उगाच वाजतो.

परत बसवताना टेफ्लॉन टेपची गुंडाळी मारायचा मोह आवरा. एका पिनेच्या सेन्सरचं अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच जातं. आमच्याकडे एकदा मी प्लंबरसारखे आठ फेरे मारले, पाणी एक थेंब गळलं नाही आणि काटाही एक रेघ हलला नाही. द्रव सीलंट थोडासा, पहिला आटा सोडून, पुरतो.

मधली तार आणि मोठा कनेक्टर

इंजिनाकडची आणि पॅनलकडची वायरिंग ज्या मोठ्या कनेक्टरमध्ये भेटतात, तो बहुतेक नौकांवर इंजिनाच्या मागे, ओलसर जागी लोंबत असतो. सुटा करून प्रत्येक पिन बघा. हिरवी किंवा काळी पिन धुवून-घासून घ्या, सैल झालेली मादी पिन बारीक सुईने किंचित दाबून घ्या. फार खराब असेल तर कनेक्टरच काढून टाका आणि आडव्या टर्मिनल पट्टीवर, वर, कोरड्या जागी जोडणी करा. देखणं दिसत नाही, पण रात्री टॉर्चच्या उजेडात दुरुस्त करता येतं.

मधेच येणारा-जाणारा दोष पकडायचा असेल तर मल्टिमीटर सातत्य तपासायच्या बीपवर ठेवून दोन्ही टोकांना काड्या लावा आणि दुसऱ्याला तार ठिकठिकाणी हलवायला सांगा. बीप तुटेल तिथे आत कुजलेली आहे. साधी तांब्याची तार टोकापासून आतआत काळी होत जाते. इन्सुलेशन सोलून बघा, काळा धागा दिसला तर उजळ तांबं येईपर्यंत मागे कापत या. फूटभर कापूनही काळंच असेल तर पूर्ण तार बदला, कलई केलेली घ्या.

आरपीएम आणि तो लाल दिवा

डिझेल इंजिनाच्या आरपीएम मीटरला बहुधा अल्टरनेटरच्या W पिनवरून सिग्नल येतो. इंजिन चालू असताना मल्टिमीटर एसीवर ठेवून W आणि अर्थिंग यांच्यामधे मोजा. १२ व्होल्टच्या सिस्टिमवर साधारण ६ ते ८ व्होल्ट एसी दिसायला हवेत. दिसले तर तार किंवा मीटर, नाही दिसले तर अल्टरनेटर. आरपीएम चालतो पण आकडा चुकतो, तर अल्टरनेटर किंवा त्याची पुली कधी बदलली होती का ते आठवा. पुलीचा व्यास बदलला की हिशोब बदलतो. मीटरच्या पाठीमागे बारीक स्क्रू किंवा छोटे स्वीच असतात, त्याने तो जुळवायचा.

चार्जिंगचा लाल दिवा नुसता दिवा नाही. पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचा धक्का त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटने मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर उठतच नाही, आणि आरपीएमही मेल्यासारखा. हल्ली जुना बल्ब काढून तिथे एलईडी लावायची टूम आहे. एलईडीतून करंट पुरेसा जात नाही. बॅटरी चार्ज होत नाही म्हणून अल्टरनेटर खोलण्याआधी तिथे जुन्यासारखाच बल्ब लावून बघा.

काच धुरकट, स्क्रीन काळी

काचेच्या आत बाष्प धरलेला मीटर काढून, तांदळाच्या डब्यात नव्हे तर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात चार-पाच दिवस ठेवा. तांदळाचं पीठ आत जातं. मीटरची कडा दाबून बसवलेली असते, ती उचकटून उघडलेला मीटर पुन्हा पाणी धरणारच. काटा आतून अडकला असेल तर मी नवाच घेतो.

नव्या डिजिटल स्क्रीनमध्ये आकड्यांचे तुकडे गायब असतील किंवा उन्हाने काच काळवंडली असेल तर धक्क्यावर बसून दुरुस्ती होत नाही. पण स्क्रीन चालू आहे आणि डेटाच येत नाही, तर एक तपासणी हातात आहे. एनएमईए २००० किंवा इंजिनाच्या कॅन लाइनच्या (उपकरणांमधे डेटा नेणाऱ्या तारांच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोकाचे रेझिस्टर, असतात. करंट पूर्ण बंद करून कॅन हाय आणि कॅन लो या दोन डेटा तारांच्या मधे मोजा, ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर निघालेला. उन्हाबद्दल सांगायचं तर, धक्क्यावर नौका उभी असताना पॅनलवर जुना गोणपाट टाकायलाही हरकत नाही.

परत बसवताना

लग क्रिम्प करा, सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. वरून गोंदवाली हीट श्रिंक. प्रत्येक तार मीटरकडे जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला ठिबकेल, मीटरच्या पिनेवर नाही. अर्थिंगसाठी पॅनलच्या मागे एक पितळेची पट्टी, तिच्यापासून जाड तार सरळ बॅटरीच्या मायनसला. पंप, दिवे, वायरलेस यांची मायनस वेगळ्या पट्टीवर.

पॅनलच्या कडेला सिलिकॉन लावायचं असेल तर नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते पॅनलच्या जवळ नको. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि बंद पेटीत ते तांब्याला खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा. दुकानदार सगळं सारखंच म्हणेल.

पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने कुठली तार कुठे हे लिहा, तारखेसकट. मग ऑगस्टात पहिल्या फेरीआधी धक्क्यालाच अर्धा तास इंजिन चालवा, पंप, दिवे, सगळं लावून बघा. खाडीबाहेर गेल्यावर निम्म्या आणि पूर्ण रेसला काटे कुठे थांबतात ते बघून काचेवर बाहेरून तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या बहिणीची एक बाटली त्यातच संपली. आमच्या तांडेलाला आकडे वाचायचा कंटाळा, चष्माही घरी विसरतो. आता तो केबिनमध्ये शिरला की फक्त काटा ठिपक्यावर आहे का तेवढं बघतो आणि विडी पेटवतो.